भयपटांची जुनी व्हिडिओ-गाइडं: ठेवायची की रद्दीत घालायची?

रीळवाला

मागे इथेच एका धाग्यावर कुणीतरी सहज लिहून गेलं होतं की आयएमडीबी आणि लेटरबॉक्सड ही सिनेमांची संकेतस्थळं असताना ती जाडजूड सिनेमा-गाइडं घरात ठेवणं म्हणजे उगाच जागा अडवणं. त्या धाग्याचा विषय वेगळा होता म्हणून तिथे वाद घातला नाही, इथे घालतो. माझं म्हणणं सरळ आहे. बाकीच्या सिनेमांची गाइडं गेली तरी एक वेळ चालेल, पण व्हिडिओवरच्या भयपटांची गाइडं रद्दीत जाता कामा नयेत.

ज्यांनी ती पाहिलीच नाहीत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. व्हीएचएस, म्हणजे घरी टीव्हीवर लावायची व्हिडिओ कॅसेट, १९७६ साली जपानात आलं आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत. बघता बघता गल्लोगल्ली कॅसेटची दुकानं उघडली. दुकानाची फडताळं भरायला माल हवा आणि मोठे स्टुडिओ अजून हात आखडून बसलेले. मग ज्यांचे हक्क स्वस्तात मिळत होते ते सिनेमे आले: इटली-स्पेनमधले भयपट, अमेरिकेतल्या ड्राइव्ह-इन थिएटरांसाठी काढलेले कमी खर्चाचे सिनेमे. एकाच सिनेमाला चार नावं, कव्हरवर भडक चित्र, आत काय निघेल याचा नेम नाही. या गोंधळातून वाट काढायला गाइडं आली.

त्यातलं सगळ्यात गाजलेलं मायकल वेल्डनचं 'सायकोट्रॉनिक एन्सायक्लोपीडिया ऑफ फिल्म', १९८३ चं. तीन हजारांवर सिनेमे. हा माणूस आधी क्लीव्हलँडच्या एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचा. न्यूयॉर्कला आल्यावर टीव्हीवर रात्री-बेरात्री कोणते विचित्र सिनेमे लागणार आहेत याचं हाताने लिहिलेलं पत्रक झेरॉक्स काढून वाटायला लागला, आणि त्यातून ग्रंथ उभा राहिला. पुढे १९९६ मध्ये त्याने खास व्हिडिओचं वेगळं गाइड काढलं. जॉन स्टॅन्ली कॅलिफोर्नियात टीव्हीवर भयपट सादर करायचा. त्याने १९८१ मध्ये 'क्रीचर फीचर्स मूव्ही गाइड' काढलं आणि २००० पर्यंत पुनःपुन्हा वाढवत नेलं. १९९० पासून टिम लुकास आणि डॉना लुकास या दांपत्याचं 'व्हिडिओ वॉचडॉग' मासिक निघायला लागलं, तो तर या कामाचा कळस.

आता मुद्दा. संकेतस्थळावर *सिनेमाची* नोंद असते. या गाइडांनी नोंद ठेवली ती *कॅसेटची*. भयपटाच्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, कारण या प्रकाराइतकी कापाकापी आणि नामांतरं दुसऱ्या कुठल्याच प्रकाराच्या वाट्याला आली नाहीत. इटालियन दिग्दर्शक दारिओ अर्जेन्तोचा १९८५ चा 'फिनॉमेना' घ्या. इटलीत ११६ मिनिटं. अमेरिकेत तोच 'क्रीपर्स' नावाने आला तेव्हा ८३ मिनिटं. ३३ मिनिटं गायब झाल्यावर जे उरतं त्याला तोच सिनेमा कसं म्हणायचं? इटलीच्याच मारिओ बावाचा १९७१ चा एक सिनेमा 'बे ऑफ ब्लड', 'ट्विच ऑफ द डेथ नर्व्ह', 'कार्नेज' अशा नावांनी फिरला. इतकंच काय, ज्या सिनेमाशी त्याचा काडीचा संबंध नाही त्याचा दुसरा भाग म्हणूनही विकला गेला. बावाच्याच 'लिसा अँड द डेव्हिल'मध्ये निर्मात्याने भूत उतरवण्याची नवी दृश्यं घुसवली, कारण मध्यंतरी 'एक्झॉर्सिस्ट' तुफान चालला होता. १९७५ मध्ये तो 'हाउस ऑफ एक्झॉर्सिझम' म्हणून बाजारात आला.

आज लेटरबॉक्सडवर 'फिनॉमेना'खाली शेकडो मतं वाचायला मिळतात. त्यातल्या कुणी ११६ मिनिटांचा पाहिला आणि कुणी ८३ चा, कुणालाच पत्ता नाही. कथा तुटक वाटली म्हणणाऱ्याने कदाचित तुटलेलीच प्रत पाहिली असेल. गाइडवाल्याने ते लिहून ठेवलेलं असायचं. म्हणून ठेवा म्हणतो.

मध्यरात्र

पूर्ण असहमत. मी ही गाइडं वापरलेली आहेत, ऐकीव बोलत नाही.

तुम्ही टिम लुकासचं उदाहरण घेऊन सगळ्या गाइडांना त्याच्या रांगेत बसवता आहात. लुकास कॅसेट लावून, घड्याळ बघून, दोन प्रती शेजारी ठेवून लिहायचा. बाकी किती जण तसं करत होते? व्हिडिओच्या आधीच्या पिढीने पुष्कळसं आठवणीवर आणि जाहिरात-पत्रकांवर विसंबून लिहिलं. एका पुस्तकातली चूक पुढच्याने उचलली, त्याची तिसऱ्याने. कालावधी चुकीचे, वर्षं चुकीची, न काढलेल्या सिनेमाची नोंद आणि काढलेल्याचा पत्ता नाही, हे सगळं या पुस्तकांत आहे. छापलेली चूक पुढची आवृत्ती निघेपर्यंत तशीच राहायची आणि बहुतेक पुस्तकांची पुढची आवृत्ती निघालीच नाही. संकेतस्थळावर मला चूक दिसली तर आजच्या आज दुरुस्ती सुचवता येते.

आणि मतांचं काय? लेनर्ड मॉल्टिनचं गाइड अमेरिकेत घरोघरी असायचं. १९६९ पासून निघत होतं, शेवटची आवृत्ती २०१४ मध्ये आली, मुखपृष्ठावर २०१५ घालून. त्यात जॉन कार्पेंटरच्या १९८२ च्या 'द थिंग'ला चारपैकी दीड तारा. आज तो सिनेमा भयपटांच्या शिखरावर मानला जातो, पण घरात तेच एक पुस्तक असलेल्या माणसाने दीड तारा वाचून कॅसेट परत फडताळात ठेवली असेल. 'व्हिडिओहाउंड' नावाच्या दुसऱ्या गाइडात ताऱ्यांऐवजी हाडकं द्यायचे आणि सगळ्यात वाईट सिनेमाला 'वूफ'. एका माणसाच्या एका संध्याकाळच्या मनःस्थितीवर सिनेमाचं नशीब ठरायचं. अशी सत्ता मोडली हे चांगलंच झालं.

आयएमडीबी कुठून आलं तेही आठवा. १९९० मध्ये युजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चामंचावरच्या सिनेमावेड्यांनी नट-दिग्दर्शकांच्या याद्या एकत्र केल्या, त्यातून. तेही प्रेमाने केलेलं काम आहे. प्रेम काही छापखान्यातच असतं असं नाही.

रीळवाला

मध्यरात्र, तुम्ही मॉल्टिनवर हल्ला केलात, पण मॉल्टिन हा सर्वसाधारण सिनेमांचा गाइडकार. मी ज्यांच्यासाठी भांडतो आहे त्या वेल्डनने एकाही सिनेमाला तारे दिले नाहीत. सिनेमात काय घडतं, कोण आहे, त्यातला एखादा संगीतकार आणखी कुठे दिसला होता, एवढं सांगून मोकळा व्हायचा. बघायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. भयपट हा मुळात ज्याला त्याला वेगळा चावणारा प्रकार, त्यामुळे हीच पद्धत योग्य.

चुकांबद्दल: चुका होत्या, मान्य. पण चुकलेल्या नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव होतं. वेल्डन अमुक बाबतीत कच्चा, स्टॅन्ली तमुक बाबतीत, हे वाचक ओळखून असायचे. आजच्या नोंदीला धनी कोण?

लंडनस्थ

तुमच्या दोघांच्या वादात एक देश सुटतो आहे, जिथे भयपटांचं सर्वांत प्रभावी गाइड सरकारी वकिलांनी लिहिलं. ब्रिटन.

इथे सुरुवातीला व्हिडिओला कुठलंही प्रमाणपत्र लागत नव्हतं. थिएटरसाठी सेन्सॉर होता, कॅसेटला नाही. १९८३ साली 'ईव्हिल डेड' इथल्या व्हिडिओबाजारात सगळ्यात पुढे होता. वर्तमानपत्रांनी 'व्हिडिओ नॅस्टी', म्हणजे ओंगळ व्हिडिओ, म्हणून रान उठवलं, नीतिमत्तेच्या कैवारी मेरी व्हाइटहाउस बाईंनी मोहीम चालवली, पोलिसांनी दुकानांवर छापे घातले. कोणत्या कॅसेटवर खटला भरायचा याचा दुकानदारांनाही पत्ता लागेना, तेव्हा सरकारी अभियोग संचालकांच्या कार्यालयाकडून यादी आली. वेळोवेळी मिळून त्या यादीत ७२ सिनेमे येऊन गेले. त्यांपैकी ३९ वर खटले चालून शिक्षा झाल्या. १९८४ च्या व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज ॲक्टने प्रत्येक कॅसेटला प्रमाणपत्र सक्तीचं केलं. 'एक्झॉर्सिस्ट' यादीत कधीच नव्हता, तरी प्रमाणपत्राअभावी १९८८ मध्ये दुकानांतून काढून घ्यावा लागला आणि परत यायला १९९९ उजाडलं. 'ईव्हिल डेड' न कापता मिळायला २००१.

या यादीचा परिणाम काय झाला ते मी इथे राहून पाहतो आहे. संग्राहकांनी तीच यादी खरेदीची यादी केली. ७२ च्या ७२ कॅसेट मूळ कव्हरसह जमवणं हा छंद झाला. त्यातले कित्येक सिनेमे कंटाळवाणे, काही निव्वळ हिडीस. पण यादीत आहेत म्हणून त्यांच्या नव्या प्रती निघतात, लेख येतात, परिसंवाद होतात. त्याच काळातले त्याहून कितीतरी सरस भयपट यादीत नव्हते म्हणून मागे पडले. सिनेमावर प्रेम करणाऱ्यांनी गाइडं लिहिली नाहीत तर ती जागा सिनेमाचा द्वेष करणारे भरतात, आणि त्यांची निवड पुढच्या पिढ्यांच्या डोक्यावर बसते. म्हणून मी गाइडांच्या बाजूने आहे.

अवांतर: २००९ मध्ये लक्षात आलं की १९८४ चा तो कायदा युरोपीय आयोगाला रीतसर कळवायचाच राहून गेला होता, म्हणजे इतकी वर्षं तो लागू करता येण्यासारखा नव्हता. २०१० मध्ये तोच कायदा पुन्हा मंजूर करून घ्यावा लागला. ज्यांचे धंदे बसले आणि ज्यांनी शिक्षा भोगल्या त्यांचा विचार आला की मला अजून चीड येते.

आता कालावधीबद्दल, कारण रीळवाला मिनिटांवर फार भर देत आहेत. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. पाल या टीव्ही-पद्धतीत, म्हणजे ब्रिटनमध्ये आणि भारतातही, तो २५ चौकटींनी चालवायचे. परिणामी सगळं चार टक्के लवकर संपतं. 'डॉन ऑफ द डेड'ची १२७ मिनिटांची अमेरिकन आवृत्ती पाल कॅसेटवर १२२ मिनिटांत संपते, एकही चौकट कापलेली नसताना. आवाजही किंचित चढतो. हे न कळल्यामुळे "ब्रिटिश सेन्सॉरने पाच मिनिटं कापली" असं ठोकून दिलेलं मी वाचलेलं आहे. त्याच सिनेमाची सुमारे १३९ मिनिटांची एक लांब आवृत्ती आहे आणि अर्जेन्तोने युरोपसाठी बसवलेली सुमारे ११९ ची एक वेगळीच. पद्धत कोणती हे न लिहिता नुसती मिनिटं लिहिली तर त्या नोंदीतून काहीच सिद्ध होत नाही.

स्वानंदी

इतका वेळ वाचते आहे. इटली झाली, अमेरिका झाली, ब्रिटन झालं. आपण सगळे मराठीत लिहितो आहोत आणि ज्या पुस्तकांसाठी भांडतो आहोत त्यांत आपण जवळपास नाहीच, हे कुणालाच खुपलं नाही?

रामसे बंधू मुंबईत बसून सिनेमे काढत होते. 'दो गज़ ज़मीन के नीचे' १९७२ चा. 'पुराना मंदिर' १९८४, 'वीराना' १९८८, 'बंद दरवाज़ा' १९९०. म्हणजे ऐन ज्या वर्षांत ही गाइडं छापली जात होती त्याच वर्षांत आपल्याकडे तालुक्याच्या व्हिडिओ पार्लरपर्यंत 'पुराना मंदिर'मधला सामरी राक्षस पोचलेला होता. जगभरच्या विचित्र सिनेमांची मोट बांधतो म्हणणाऱ्यांच्या पुस्तकांत हे कुठे? पीट टूम्ब्सचं 'मोंडो मकाब्रो' हे जगभरच्या विचित्र सिनेमांवरचं पुस्तक १९९७ मध्ये आलं तेव्हा कुठे भारताला नीट प्रकरण मिळालं. त्याच नावाच्या डीव्हीडी कंपनीने २००६ मध्ये 'बंद दरवाज़ा' आणि 'पुराना मंदिर' एकत्र काढले आणि मग पाश्चात्त्य रसिकांना शोध लागला की भारतातही भुतं आहेत. रामसेंवर सविस्तर पुस्तक यायला २०१७ उजाडलं.

आणि दखल घेतली तरी ती कशी घेणार, हाही प्रश्न आहेच. 'पुराना मंदिर'मध्ये जगदीपचा 'शोले'च्या विडंबनाचा अख्खा उपकथानकाचा पट्टा आहे, त्यात आपल्या ललिता पवारही आहेत. मुख्य कथेशी त्याचा संबंध नावापुरता. बाहेरच्या गाइडकाराला वाटेल दुसऱ्याच सिनेमाची रिळं मिसळली. आपल्या प्रेक्षकाला माहीत असतं की दहा मिनिटं हसवल्याशिवाय पुढची दहा मिनिटं घाबरवता येत नाही, तिकीट काढून आलेल्या घरच्या मंडळींना गाणं, विनोद आणि भूत तिन्ही हवं असतं. ते न समजता केलेली नोंद अपुरी नसते, चुकीची असते.

त्यामुळे माझा प्रश्न ठेवायची की टाकायची हा नाहीच. त्या पुस्तकांची इतकी काळजी करणाऱ्यांनी आपल्याकडच्या व्हिडिओ भयपटांची साधी यादी तरी केली आहे का?

रीळवाला

स्वानंदी, बोललात ते लागलं आणि लागायलाच हवं होतं. पण एक विचारतो. टूम्ब्सने ते पुस्तक लिहिलं ते आधीच्या गाइडांवर पोसलेल्या वाचकांसाठीच ना? अशा सिनेमांकडे गांभीर्याने पाहायचं असतं ही सवय वेल्डनसारख्यांनीच लावली.

स्वानंदी

सवय त्यांनी लावली, कबूल. पण त्या सवयीचा लाभ आपल्या सिनेमांना मिळेपर्यंत मूळ रिळं आणि कॅसेट किती उरल्या? इथे दमट हवेत कॅसेटला बुरशी धरते. उशीर आपल्याला परवडत नाही.

प्रोजेक्टररूम

स्वानंदी यांच्या प्रश्नाला धरून लिहितो. आपल्याकडे यादी करणं वाटतं तितकं अवघड नाही, आणि एका बाबतीत आपण त्या अमेरिकन गाइडकारांपेक्षा सुदैवी आहोत. भारतीय सिनेमाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं. लोक तो कागद पुढे पळवतात, पण त्यावर सगळं लिहिलेलं असतं: सिनेमाचं नाव, भाषा, प्रमाणपत्राचा क्रमांक, तारीख, रिळांची संख्या आणि लांबी मीटरमध्ये. डाव्या बाजूला खाली त्रिकोण काढलेला असेल तर समजायचं की मंडळाने काटछाट केलेली आहे.

आता ही मीटरमधली लांबी म्हणजे सोनं आहे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला एका फुटात १६ चौकटी. सेकंदाला २४ म्हणजे मिनिटाला ९० फूट, म्हणजे साधारण २७.४ मीटर. प्रमाणपत्रावर ४००० मीटर असेल तर सिनेमा १४६ मिनिटांचा. आता लंडनस्थ यांनी सांगितलेला पालचा हिशेब लावा: कॅसेटवर तो १४० मिनिटांत संपायला हवा. तुमच्या हातातली कॅसेट १२८ मिनिटांत संपत असेल तर बारा मिनिटं कुणीतरी खाल्ली आहेत. सेन्सॉरने नव्हे, कारण प्रमाणपत्रावरची लांबी काटछाट झाल्यानंतरची असते. कॅसेट काढणाऱ्याने गाणं उडवलं असेल किंवा सिनेमा एका टेपवर बसवायला इकडचं तिकडचं छाटलं असेल. इटालियन सिनेमांसाठी लुकासला देशोदेशीच्या प्रती मागवून जे शोधावं लागायचं, ते आपल्याकडे पहिल्या चौकटींत लिहून ठेवलेलं आहे.

१९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानंतरच्या अधिकृत व्हिडिओ कॅसेटवर प्रमाणपत्राची प्रत आणि कॅसेट काढणाऱ्याचं नाव-पत्ता दाखवणं बंधनकारक झालं. त्यामुळे कोणती कॅसेट अधिकृत आणि कोणती कुणी थिएटरच्या प्रतीवरून चोरून काढलेली, याचाही पुष्कळदा अंदाज येतो.

अडचण जाहिरातींची आहे. ज्यांनी ऐंशीच्या दशकात भाड्याने कॅसेट आणल्या त्यांना आठवेल, पडद्याच्या खालच्या भागातून जाहिराती सरकत जायच्या. मध्येच सिनेमा थांबवून साड्यांची, मसाल्यांची जाहिरात घातलेली असायची. म्हणजे कॅसेटच्या एकूण वेळातून ती मिनिटं आधी वजा करायची आणि मग तुलना करायची. भयपटात तर ही सरकती पट्टी नेमकी जिथे जमिनीतून हात वर येतो तिथेच असली तर दिग्दर्शकाने रचलेली चौकट प्रेक्षकाला दिसलीच नाही असं समजा. तीही नोंद व्हायला हवी, कारण हजारो लोकांनी तो सिनेमा तसाच पाहिला आणि तसाच लक्षात ठेवला.

तेव्हा रकाने असे सुचवतो: नाव, प्रमाणपत्र क्रमांक आणि तारीख, मीटर, रिळं, त्रिकोण आहे की नाही, कॅसेट कुणाची, कॅसेटचा निव्वळ वेळ, काय गाळलं आहे. मत शेवटी, आणि मताखाली नाव.

मध्यरात्र

प्रोजेक्टररूम, उत्तम प्रतिसाद, आणि माझाच मुद्दा सिद्ध करणारा. तुम्ही जे रकाने सांगितलेत ते पुस्तकाचे नाहीत, तक्त्याचे आहेत. सांगलीच्या कुणाला एक प्रत सापडली, नागपूरच्या कुणाला दुसरी, तर दोघांनी एकाच नोंदीत भर घालायला हवी. पुस्तकात ते कसं करणार? स्टॅन्लीने एकट्याने वीस वर्षं आवृत्त्या काढल्या, शेवटी थांबला. माणूस थांबला की पुस्तक थांबतं.

आयएमडीबीवर पर्यायी आवृत्त्यांसाठी वेगळा विभाग आहे. तो आपल्या सिनेमांच्या बाबतीत रिकामा असेल तर दोष आपला आहे, माध्यमाचा नाही.

कोपऱ्यातली खुर्ची

सगळे नोंदींवर बोलता आहात, म्हणून मी वाचण्याबद्दल बोलते. ही पुस्तकं मी कॅसेट निवडण्यासाठी कधीच वापरली नाहीत. मी ती वाचली. फिल हार्डीने संपादित केलेला ऑरम एन्सायक्लोपीडियाचा भयपटांचा खंड, १९८५ चा, वर्णानुक्रमाने नाही, वर्षाप्रमाणे लावलेला आहे. हा निर्णय संपादकाचा, आणि त्याने माझं सिनेमाचं भानच बदललं. १९६० उघडा. हिचकॉकचा 'सायको', मायकल पॉवेलचा 'पीपिंग टॉम', बावाचा 'ब्लॅक संडे', जॉर्ज फ्रान्जूचा 'आईज विदाउट अ फेस', सगळे एकाच वर्षी प्रदर्शित झालेले. अमेरिका, इंग्लंड, इटली, फ्रान्स. चार देशांतल्या चार माणसांना एकाच सुमारास चेहरा, डोळा आणि पाहणं यांतच भीती सापडली. पॉवेलला इंग्लंडच्या समीक्षकांनी इतकं झोडपलं की त्याची कारकीर्दच खचली, हिचकॉकला मात्र प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं. एका वर्षाची पानं उलटताना हे आपसूक समोर येतं. शोधचौकटीत नाव टाकलं की तेवढाच सिनेमा मिळतो. जे शोधायला मी आलेच नव्हते ते मला कोण दाखवणार?

संकेतस्थळंही पुढचं सुचवतात असं कुणी म्हणेल. ती मला आवडलेल्यासारखंच सुचवतात. हार्डीने जे दाखवलं त्यातलं अर्धं मला आवडणारं नव्हतं, आणि तरी ते मला माहीत असायला हवं होतं.

मध्यरात्र म्हणतात त्या एका माणसाच्या सत्तेबद्दल: चास बेलन नावाचा लेखक होता, त्याने 'गोर स्कोर' नावाचं पुस्तकच काढलं, ज्यात सिनेमात रक्तपात किती याचे वेगळे गुण आणि सिनेमा कसा याचे वेगळे. मला रक्तपात सहन होत नाही. तरी त्याचं लेखन वाचते, कारण आपल्याला काय आवडतं आणि का, हे तो लपवत नाही. अशा माणसाशी मला वाद घालता येतो. ६.४ या सरासरीशी वाद कसा घालायचा?

मध्यरात्र

१९६० चा मुद्दा चांगला आहे, पण वर्षाप्रमाणे लावणं संकेतस्थळावर एका टिचकीचं काम आहे. हार्डीचं कौतुक रचनेचं नाही, निवडीचं आहे. निवड करणारा माणूस हवा, हे मला मान्यच आहे. तो कागदावरच हवा, हे नाही.

रीळवाला

मध्यरात्र, कागद का हवा ते सांगतो. २० फेब्रुवारी २०१७ ला आयएमडीबीने आपली चर्चापानं बंद केली. दोन-तीन आठवड्यांची सूचना दिली आणि संपलं. तिथे एकेका आडबाजूच्या भयपटाखाली कोणत्या देशातल्या प्रतीत काय आहे, काय नाही, याची चर्चा लोकांनी वर्षानुवर्षं केलेली होती. काहींनी धावपळ करून थोडंफार उतरवून घेतलं, बाकीचं गेलं. १९९८ पासून आयएमडीबी ही अमेझॉनची मालमत्ता, त्यांना ठेवायचं नव्हतं. १९८३ चं वेल्डनचं पुस्तक मात्र आजही उघडतं. ते बंद करण्याचा अधिकार प्रकाशकालाही नाही.

ऑनलाइन सिनेमांचंही तेच. मंचावर आज एक आवृत्ती असते, उद्या न सांगता दुसरी. २०१५ मध्ये येल विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सुमारे २,७०० व्हीएचएस कॅसेट विकत घेतल्या, बहुतेक सत्तर-ऐंशीच्या दशकातले भयपट आणि तसलेच स्वस्तातले सिनेमे. कव्हरसकट. त्यांना कळलं की कॅसेट हा स्वतंत्र दस्तऐवज आहे. त्या फडताळांत काय आहे हे समजून घ्यायला जी पुस्तकं लागतील ती आपण जागा अडते म्हणून काढून टाकायची?

मध्यरात्र

चर्चापानांचं उदाहरण बरोबर आहे आणि मलाही तो निर्णय पटला नव्हता. पण तो धडा कंपनीच्या हाती सगळं सोपवू नये हा आहे. व्हिडिओ वॉचडॉगचे १८४ अंक निघाले आणि २०१७ मध्ये मासिक बंद झालं. त्यातले किती अंक महाराष्ट्रातल्या एखाद्या सार्वजनिक वाचनालयात मिळतील? जुन्या अंकाला आणि परदेशातून मागवण्याच्या खर्चाला जे पैसे पडतात त्यात कॉलेजच्या मुलाचा महिना निघतो. जे पुस्तक पोचतच नाही ते टिकलं काय आणि न टिकलं काय. खुला तक्ता करा, त्याच्या प्रती दहा ठिकाणी ठेवा, वर्षातून एकदा छापूनही काढा. मग माझी हरकत नाही.

लंडनस्थ

वर्षातून एकदा छापणार असाल तर नोंदीत पद्धत लिहायला विसरू नका. आखाती देशांतून आणलेल्या हिंदी कॅसेटही पाल असायच्या, पण अमेरिकेतल्या भारतीय किराणा दुकानांत भाड्याने मिळणाऱ्या एनटीएससी, म्हणजे अमेरिकन टीव्ही-पद्धतीच्या, होत्या. त्या पाल प्रतीवरून उतरवलेल्या नसतील तर तिथे मिनिटं २४ चौकटींच्या हिशेबाने जुळतील. आमच्या इथल्या एका परिचितांकडे दोन्ही प्रकारच्या कॅसेट आहेत, त्यांची परवानगी मिळाली तर मी वेळ मोजून पाठवतो.

स्वानंदी

तक्ता की पुस्तक यावर तुम्ही दोघे भांडत राहा, मी 'पुराना मंदिर'पासून सुरुवात करते. प्रोजेक्टररूम, तुमच्या रकान्यांत दोन वाढवते: जाहिरातीची पट्टी कोणत्या दृश्यांवर आहे, आणि विनोदी उपकथानक पूर्ण आहे की छाटलेलं. बाहेरच्या प्रतींशी ताडून पाहताना पहिली कात्री जगदीपवरच चालली असेल असा माझा अंदाज आहे. ज्यांच्याकडे जुनी भाड्याची कॅसेट अजून चालते आहे त्यांनी प्रमाणपत्राच्या चौकटीचा फोटो काढून इथे टाका. मीटरचा आकडा वाचता येईल इतका स्पष्ट.

कोपऱ्यातली खुर्ची

आणि मत लिहायला विसरू नका. नावासकट.